पोटरीवरचं जाळं

जुन्नर तालुक्याचा इतिहास म्हटलं की शिवनेरी येतो, लेण्याद्री येतो, नाणेघाटातला दगडी रांजण येतो. माझी सगळी नोकरी हा इतिहास पोरांना शिकवण्यात गेली. आज ज्याचा इतिहास सांगणार आहे, ते पाहायला मात्र गड चढायला नको. लुगडं नाहीतर पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला की झालं. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, गुडघ्याच्या मागे, घोट्याच्या आतल्या बाजूला तांबड्या-निळ्या बारीक शिरांचं जाळं उमटतं ना, त्याची ही गोष्ट.

इंग्रजीत त्याला ‘स्पायडर व्हेन्स’ म्हणतात, म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा. आमच्या पिंपळवंडीत त्याला असं खास नाव नाही. ‘शिरा दिसायला लागल्या’ एवढंच म्हणतात, आणि म्हणताना आवाज जरा खाली येतो.

पिंपळवंडी हे नारायणगाव आणि आळेफाटा यांच्या दरम्यानचं कुकडीकाठचं गाव. कांदा, टोमॅटो, ऊस आणि या भागात सगळीकडे असतात तशा द्राक्षबागा. ऑक्टोबरची छाटणी झाली की पुढे घडांची विरळणी येते. बाया मांडवाखाली मान वर, हात वर करून दिवस दिवस उभ्या असतात. चालणं नाही, बसणं नाही, एका वेलाखालून दुसऱ्या वेलाखाली सरकायचं इतकंच. अशाच एका बागेत विरळणी करणाऱ्या बाईनं मला विचारलं होतं, ‘गुरुजी, हे निळं वर तर नाही ना चढायचं?’ निळं म्हणजे विष ही आपली जुनी समजूत. साप चावला की अंग काळंनिळं पडतं, शंकराचा गळाही निळाच. तिच्या पोटरीवर बारीक जाळं होतं. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. तिथंच बांधावर बसलेल्या मुकादमाच्या घोट्याजवळची कातडी मात्र काळवंडून वाळल्या चामड्यासारखी झाली होती, आणि त्याला कसलीच भीती वाटत नव्हती. जिला भिण्याचं कारण नाही ती भीत होती, आणि ज्यानं दवाखाना गाठायला हवा होता तो तंबाखू मळत बसला होता. हा उलटा हिशेब आजचा नाही. माणसानं पायावरची शीर पहिल्यांदा निरखून पाहिली तेव्हापासून तो चालत आला आहे.

आपल्याकडे ती कुणी निरखली? जुना पुरावा सुश्रुताचा. १९१५ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानं यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली सुश्रुतसंहिता डल्हणाच्या टीकेसह छापली. तिच्या शारीरस्थानात शिरांचा अध्याय आहे. शरीरात ७०० शिरा, त्यांचं मूळ नाभीशी, आणि तिथून त्या वर, खाली, आडव्या पसरलेल्या, असं वर्णन त्यात येतं. पण माझं मन गुंतलं ते त्यातल्या उपमेत. बागेला पाण्याच्या चाऱ्या आणि शेताला पाट जसे भिजवतात तशा शिरा शरीराला पोसतात, असं तिथं म्हटलं आहे. आणि झाडाच्या पानावर रेषांचं जाळं असतं तसं त्यांचं जाळं, असंही. ज्यानं रात्री-अपरात्री दारं धरली आहेत, एका वाफ्याचं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. आणखी एक गंमत. शाळेच्या पुस्तकात आपण रोहिणी आणि नीला शिकतो, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी आणि हृदयाकडे आणणारी ती नीला. हे दोन्ही शब्द सुश्रुताच्या याच अध्यायात आहेत, पण तिथं त्यांचा अर्थ वेगळा. रक्त वाहणाऱ्या त्या रोहिणी आणि पित्त वाहणाऱ्या, उष्ण, त्या नीला. शब्द तेच राहिले, आतला माल बदलला.

याच ग्रंथाच्या निदानस्थानात ‘सिराज ग्रंथी’ नावाचा विकार सांगितला आहे. अशक्त माणूस झेपणार नाही असे कष्ट करतो, त्यानं वायू बिघडतो, तो शिरांचा विस्तार दाबतो, आखडवतो, सुकवतो आणि उंच, गोल गाठ तयार होते. दुखणारी आणि हलणारी गाठ कष्टानं बरी होईल. न दुखणारी, न हलणारी, मोठी आणि मर्माच्या जागी असलेली गाठ सोडून द्यावी. आजचे पुष्कळसे वैद्य या वर्णनात फुगलेल्या, गाठाळलेल्या शिरा पाहतात. कारणमीमांसा आजची नाही, पण दोन गोष्टी या माणसानं अचूक हेरल्या होत्या. एक, विकाराचा संबंध कष्टाशी आहे. दुसरी, प्रत्येक शिरेला हात घालायचा नसतो.

उपचार होता रक्त काढण्याचा. शीर टोचून रक्त काढणं म्हणजे शल्यचिकित्सेचा अर्धा भाग, इतकी त्याची महती त्या ग्रंथात आहे. पण त्यावर बंधनंही घातली आहेत. बळकट, वयात आलेल्या, पुष्कळ दोष असलेल्या माणसाचंही एक प्रस्थापेक्षा जास्त रक्त काढू नये, आणि शीर चुकीची टोचली गेल्याचे २० प्रकार. नाजूक माणसांसाठी जळवा. पुढे खेड्यापाड्यांत हे शास्त्र उरलं नाही, कृती तेवढी उरली. न्हावी फासण्या घालायचा, वैदू शिंगाची तुंबडी लावायचा. कातडीवर बारीक चिरा मारायच्या, वर तुंबडी ठेवून हवा ओढून घ्यायची, की काळपट रक्त तिच्यात जमा होतं. ‘आपली तुंबडी भरणं’ हा वाक्प्रचार राजकारण्यांसाठी वापरताना आपल्या ध्यानातही येत नाही, की तुंबडी अशी रक्ताचीही असायची.

रक्त काढल्यानं बरं वाटायचं का? वाटायचं. तुंबलेलं रक्त कमी झालं की ठणका आणि सूज काही काळ उतरते. जळवांना तर अमेरिकेच्या औषध प्रशासनानंही २००४ साली वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. तुटलेलं बोट जोडल्यावर त्यात तुंबणारं रक्त शोषायला त्या लावतात. पण पायाच्या शिरांमध्ये दुसऱ्या दिवशी माणूस उभा राहिला की रक्त पुन्हा तिथंच. पाट फुटला आहे तो दुरुस्त न करता वाफ्यातलं पाणी बादलीनं उपसत बसावं, तशातला प्रकार.

आता जरा समुद्रापलीकडे जाऊ. जुन्नरकरांना त्याचं नवल नको. कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाटानं चढून इथं यायचा आणि इथल्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आजही वाचता येतात. त्या यवनांच्या देशात, अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीच्या पायथ्याशी एक दगडी शिल्प मिळालं. ते इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातलं. एक माणूस आपल्याहून उंच असा एक भलामोठा पाय दोन्ही हातांनी धरून उभा आहे, आणि त्या पायावर वर जाणारी फुगीर शीर कोरली आहे. नवस फेडायला देवाला वाहिलेलं ते शिल्प. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे, हात, पाय वाहतात, तसंच.

आणि रोमचा सेनापती गायस मारियस. हा सात वेळा कॉन्सल झाला. नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख साधारणपणे ज्या शतकातला मानतात, त्याच्या आगेमागेच तो होऊन गेला. प्लूटार्कनं त्याच्या चरित्रात लिहून ठेवलं आहे, की त्याच्या दोन्ही पायांवर मोठमोठ्या शिरा फुगल्या होत्या आणि त्या दिसणं त्याला आवडेना. त्यानं वैद्याला बोलावलं. अशा वेळी रोग्याला बांधून ठेवायची पद्धत होती, पण यानं बांधून घेतलं नाही. हूं की चूं न करता एक पाय कापून घेतला. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र थांबवलं. एवढ्या वेदना सोसाव्यात इतका काही हा फायदा नाही, असं त्याचं म्हणणं. प्लूटार्कनं ही गोष्ट सेनापतीच्या सोशिकपणाची म्हणून सांगितली. मला ती शहाणपणाची वाटते. दिसणं सुधारायला किती दुखणं पत्करायचं हा हिशेब त्यानं एका पायावरच संपवला.

म्हणजे बघा, कुणी शीर टोचत होतं, कुणी कापत होतं, कुणी देवाला साकडं घालत होतं. शीर सगळ्यांना दिसत होती. रक्त तिच्यातून कोणत्या दिशेनं जातं, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

ते कळायला सतरावं शतक उजाडावं लागलं. इटलीतल्या पादुआ विद्यापीठात फॅब्रिशियस नावाचा शरीररचनेचा अध्यापक होता. त्यानं १६०३ साली शिरांच्या आतल्या झडपांवर पुस्तिका छापली. शीर उभी चिरली की आत ठरावीक अंतरावर पातळ, जोडीजोडीनं बसलेल्या, खिशासारख्या झडपा दिसतात. फॅब्रिशियसला वाटलं, हृदयाकडून खाली येणारं रक्त एकदम पायात कोसळू नये म्हणून निसर्गानं हे बांध घातले असावेत. झडपा त्यानं बरोबर पाहिल्या, पाणी मात्र उलट्या दिशेनं वाहवलं. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे. त्यानं १६२८ साली फ्रँकफर्टला छापलेल्या ग्रंथात दाखवून दिलं, की रक्त चक्राकार फिरतं आणि शिरांतून ते हृदयाकडेच जातं. झडपा आहेत त्या त्याला मागे फिरू न देण्यासाठी. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६३० च्या फेब्रुवारीत, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. दोन्ही सनांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण शिक्षकाला सनावळ्या लक्षात ठेवायला असे खुंटे लागतात.

हार्वेचा प्रयोग घरी करता येतो. दंडाला कोपराच्या वर रुमाल बेताचा आवळून बांधा. हातावर शिरा उठतील आणि त्यात मधेमधे बारीक गाठीसारखी जागा दिसेल, ती झडप. आता मनगटाच्या बाजूला एका बोटानं शीर दाबून धरा आणि दुसऱ्या बोटानं रक्त कोपराकडे, झडपेच्या पलीकडे पुसत न्या. मधला तुकडा रिकामा, सपाट राहील. वरून रक्त खाली येत नाही, झडप येऊ देत नाही. खालचं बोट उचललं, की खालून भरतो. मी हा प्रयोग आठवीच्या वर्गात कैक वेळा केला. इतिहासाच्या तासाला विज्ञान कशाला, असं एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलंही होतं.

शेतकऱ्याला तर यासाठी हार्वेही नको. विहिरीवर मोटार असते, तिच्या पाण्यातल्या पाइपच्या तोंडाशी फूटव्हॉल्व्ह असतो. आमच्याकडे बरेच जण त्याला सरळ ‘फुटबॉल’ म्हणतात. मोटार बंद झाली तरी पाइपातलं पाणी खाली उतरू नये, हे त्याचं काम. त्यात काडी अडकली, रबर झिजलं, की पाणी उतरतं आणि मोटार नुसतीच गरगरते. आपल्या पायातही तेच. उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंत जवळजवळ चार फूट रक्ताचा स्तंभ असतो. स्वस्थ उभं राहिलं, की घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू आवळतात, रक्त वर ढकलतात, झडपा ते मागे येऊ देत नाहीत, आणि दाब ३० च्या आसपास उतरतो. मोटार म्हणजे पोटरी, आणि फूटव्हॉल्व्ह एक नाही, अनेक. झडप गळकी झाली, की दाब उतरत नाही. शीर ताणते, फुगते, नागमोडी होते. कातडीखालच्या केसाएवढ्या शिरांवर ताण आला, की त्या रुंदावून दिसू लागतात.

म्हणून पायांना सगळ्यात वाईट काय, तर चालणं नाही, निश्चल उभं राहणं. नारायणगाव हे तमाशाचं माहेरघर. तिथल्या फडात पायात घुंगरांचं ओझं बांधून नाचणाऱ्या बाईची कीव येते. पण शरीराच्या हिशेबानं तिच्या पोटऱ्या तरी चालू असतात. तिच्या मागे रात्रभर एका जागी सूर धरून उभा असलेला सुरत्या जास्त जोखमीत. न्हावी, आचारी, चौकातला पोलीस, वर्गात उभा राहणारा मास्तर, सगळे त्याच माळेतले. विठोबाची गोष्ट वेगळी, बाकी कुणाला इतकं उभं राहणं परवडत नाही.

उभं राहणं हे एकटंच कारण नव्हे. आईबापांच्या पायात असेल तर मुलांच्या पायात येण्याचा संभव मोठा. गरोदरपणात रक्त वाढतं, संप्रेरकांमुळे शिरा सैल पडतात, पोटाचा भार ओटीपोटातल्या शिरांवर येतो. बाळंतपणानंतर काही जाळी आपोआप निवळतात, काही राहतात. वय, वजन. एडिंबरो शहरात १९९० च्या दशकात १८ ते ६४ वयाच्या १,५६६ स्त्री-पुरुषांचे पाय तपासले, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक लोकांत बारीक जाळी सापडली. इतकी सर्रास असलेली गोष्ट रोग म्हणायची तर माणूसजातच रोगी ठरेल. त्याच पाहणीत मोठ्या फुगलेल्या शिरा सुमारे ४० टक्के पुरुषांत आणि ३२ टक्के बायकांत होत्या. ‘हे बायकी दुखणं’ असं म्हणणाऱ्या पुरुषमंडळींनी हा आकडा लक्षात ठेवावा.

१९९४ साली हवाईत जमलेल्या तज्ज्ञांनी याची वर्गवारी केली, ती आज जगभर चालते. एक मिलिमीटरपेक्षा बारीक ते जाळं, एक ते तीन मिलिमीटरच्या निळसर-हिरव्या रेषा, आणि तीनच्या पुढे दोरीसारख्या फुगलेल्या शिरा. त्यानंतर सूज, मग कातडीचा रंग बदलणं, आणि शेवटी जखम.

या शेवटच्या पायरीवर माझे चुलते दहा वर्षं होते. ते एस.टी.त कंडक्टर. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) ही पहिली एस.टी. धावली, त्यानंतर दहा-एक वर्षांनी ते लागले. भरल्या गाडीत तिकिटांचा ट्रे आणि चिमटा सांभाळत उभं राहण्यात नोकरी गेली. डाव्या पायाच्या घोट्यावर, आतल्या अंगाला, आधी खाज, मग काळा डाग, मग एके दिवशी पत्र्याचा निसटता ओरखडा. तो भरून येईना. हळद झाली, कडुनिंबाचा पाला झाला, मलमं झाली, देवऋषी झाला. सणाच्या पंगतीत ते कडेला बसायचे, कारण पट्टीला वास यायचा. सगळे जण जखमेवर उपचार करत होते आणि जखमेचं मूळ वीतभर वर होतं.

१९७० च्या दशकात पुण्याच्या एका शल्यविशारदांनी त्यांना टेबलावर निजवलं, पाय वर उचलून शिरा रिकाम्या केल्या, मांडीला रबरी नळी आवळली आणि उभं केलं. शिरा रिकाम्याच राहिल्या. नळी सोडली, आणि वरून खाली धबधब्यासारखी शीर भरली. मी शेजारी उभा होतो. फुटका पाट डोळ्यांनी दिसला. ही परीक्षा जर्मनीच्या ट्रेंडेलेनबर्ग या शल्यविशारदाच्या नावानं ओळखतात. १८९० च्या सुमारास त्यानं मांडीतली मुख्य शीर बांधून टाकायची शस्त्रक्रिया रूढ केली. पुढे १९०७ साली अमेरिकेच्या बॅबकॉकनं लवचीक तार आत घालून सबंध शीर ओढून काढायची युक्ती सांगितली. चुलत्यांची शीर तशीच ओढून काढली. जखम त्याच वर्षी भरली, आणि ते पुढे वीस वर्षं तिन्ही एकादश्यांना चालत आळ्याला रेड्याच्या समाधीला गेले.

आता शीर ओढायची गरज क्वचित पडते. १९९९ नंतर शिरेत बारीक तार सरकवून लेझरनं किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेनं ती आतल्या आत बंद करतात, माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. रक्त कुठं उलटं येतं हे आधी डॉपलर सोनोग्राफीत पाहतात. अशा जखमा असलेल्या ४५० रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना घट्ट पट्ट्या बांधल्या होत्याच. ज्यांची गळकी शीर लगेच बंद केली त्यांच्यातल्या निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, ज्यांची नंतर केली त्यांना ८२ दिवस लागले. चुलत्यांची दहा वर्षं मला इथं आठवतात.

पण बारीक जाळ्याचं काय? ते तर तार सरकण्याइतकं रुंदही नाही. त्यासाठी सुई, आणि तिचा इतिहास गमतीचा आहे. फ्रान्समध्ये ल्यों गावच्या प्रावाझनं १८५३ साली पिचकारी बनवली आणि डॉक्टरांनी शिरांत नाना द्रावणं टोचून पाहिली. त्यानं इतके अपाय झाले, की शतक संपता संपता हा मार्ग बदनाम झाला. मग पहिल्या महायुद्धाच्या काळात सिकार नावाच्या फ्रेंच डॉक्टरच्या ध्यानात आलं, की उपदंशावर ज्यांना हाताच्या शिरेतून इंजेक्शनं देतो, त्यांच्या त्या शिरा हळूहळू बंद पडतात. इतरांनी ही कटकट मानली असती. सिकारच्या मनात आलं, हीच करामत नको असलेल्या शिरेवर केली तर? पुढे औषधं सौम्य होत गेली. आज पुष्कळ वापरतात ते पोलिडोकॅनॉल मुळात कातडी बधिर करायला बनवलेलं. १९६० च्या दशकापासून ते शिरांसाठी आलं. २००० साली इटलीच्या तेस्सारीनं दोन पिचकाऱ्या एका तोटीला जोडून औषधाचा फेस करायची साधी रीत सांगितली, ती मोठ्या शिरांना उपयोगी पडते.

केसासारख्या सुईनं औषध जाळ्यात सोडलं, की शिरेचं आतलं अस्तर दुखावतं, भिंती चिकटतात आणि शरीर ती शीर हळूहळू जिरवून टाकतं. एका बैठकीत काम होत नाही. काही जाळ्यांवर बाहेरून लेझर मारतात, पण आपल्यासारख्या सावळ्या कातडीला तो जपून लावावा लागतो, नाहीतर शीर राहते बाजूला आणि कातडी भाजते. सुईनंतरही तपकिरी डाग पडू शकतो आणि तो महिनोन् महिने राहतो. गरोदरपणात हे करत नाहीत. आत मोठी शीर गळकी असेल तर आधी तिचं बघावं लागतं, नाहीतर जाळं पुन्हा उमटतं. आणि ‘शिरा घालवणारी’ म्हणून विकली जाणारी क्रीमं? त्यांनी कातडी मऊ होईल, खिसा हलका होईल. मारियसनं केला तो हिशेब इथंही ज्यानं त्यानं करावा. जाळं खुपत असेल, कुणाला पोहायला जाताना, नोकरीचा स्कर्ट घालताना संकोच वाटत असेल, तर उपचार घेण्यात लाज नाही; आणि न घेण्यात धोका नाही.

मोज्यांबद्दल थोडं. अमेरिकेत टोलेडोचा कॉनराड जॉब्स्ट हा इंजिनिअर स्वतःच शिरांच्या दुखण्यानं गांजलेला. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय हलके वाटतात, हे त्याला जाणवलं. पाणी खोल जाईल तसा दाब वाढतो, म्हणजे घोट्याला जास्त आणि वर कमी. त्याच तत्त्वावर त्यानं १९५० च्या सुमारास मोजे विणले. आपल्याकडच्या पोलिसांच्या आणि जवानांच्या पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेल्या पट्ट्या जुन्या लोकांना आठवत असतील. इंग्रजीतला ‘पटी’ हा शब्द आपल्याच ‘पट्टी’वरून गेला. एप्रिल-मेच्या उन्हात आमच्याकडे असे मोजे घालणं ही शिक्षा आहे, हे मी कबूल करतो. आणि मधुमेह असेल, विडी-तंबाखूमुळे पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या असतील, तर डॉक्टरांना दाखवल्याखेरीज ते घालूच नयेत. विरळणीच्या बायांसाठी मी बागवाल्यांना एक साधी गोष्ट सुचवत असतो. तासाला पाच मिनिटं बांधावरून फेरी, दुपारी भाकरी खाताना पाय टोपलीवर किंवा क्रेटवर उंच. दोघा-तिघांनी ऐकलं, बाकीचे हसले. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या सुजलेल्या पायांचं कारण शिरांची ही अशक्तताच असल्याचं व्हाइट हाउसनं जाहीर केलं. त्यानंतर त्यातला एक जण म्हणाला, ‘गुरुजी, तुमचा रोग मोठ्या लोकांचा निघाला की!’

थोडं सावधगिरीचं, कारण यात जीव जातो. एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, पोटरी दुखू लागली, तर ते शिरेत रक्त गोठल्याचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना. कोळ्यासारखी खूण छातीवर, मानेवर, मधे तांबडा ठिपका आणि भोवती पाय अशी उठली, आणि मधे दाबल्यावर फिकी पडत असेल, तर ती वेगळी गोष्ट. अशा पाच-सात खुणा पिणाऱ्या माणसाच्या अंगावर दिसल्या तर यकृत तपासून घ्यावं. आणि म्हाताऱ्या माणसाची घोट्याजवळची फुगलेली शीर कधी किरकोळ धक्क्यानं फुटते, रक्ताची चिळकांडी उडते. आमच्या भागात साप पाचवीला पुजलेला, त्यामुळे पायाला काही झालं की हात आधी दोरीकडे जातो. इथं वर दोरी आवळली, तर हृदयाकडे जाणारी वाट बंद होते आणि रक्त उलट जोरात येतं. माणसाला आडवं करा, पाय छातीच्या वर उचला, स्वच्छ फडक्यानं जागेवर घट्ट दाबून धरा, आणि मग डॉक्टरकडे न्या. ही माहिती मी गावातल्या प्रत्येक भजनी मंडळात सांगत आलो आहे, कारण शिरा फुगलेले पाय तिथंच जास्त बसलेले असतात.

आता लग्नसराई जवळ आली की काही मुली हळूच विचारायला येतात. त्यांना सांगतो, तारीख पंधरा दिवसांवर आली असेल तर सुईच्या नादी लागू नका. जाळं जायच्या आधी डाग उमटेल आणि हळदीत तोच दिसेल. करायचंच असेल तर दिवाळीत जा, आधी डॉपलर करून घ्या, आणि घरात आईच्या पायावर त्याच जागी जाळं असेल तर तिलाही बरोबर न्या.